मशीन तयार आहे, गाडी कधी पाठवता?

आमच्या वाहतुकीच्या धंद्यात हा प्रश्न नेहमी उशिराच येतो. कारखान्यात व्हेसल, म्हणजे पोलादी टाकी, रंगवून उभं असतं, नेमप्लेट ठोकलेली असते, डिस्पॅचची तारीख ग्राहकाला कळवून झालेली असते आणि मग वाहतूकवाल्यांना फोन लागतो. तोवर त्या वस्तूची रुंदी, उंची, उचलायचे लग म्हणजे कान कुठे, टेकवायचे सॅडल कुठे, सगळं ठरलेलं असतं. म्हणजे ती कुठल्या रस्त्याने जाऊ शकेल आणि कुठल्या पुलावर पाय ठेवू शकणार नाही, हेही बहुतेक ठरून गेलेलं असतं. फक्त ते कुणी तपासलेलं नसतं.

मी अवजड आणि अवाढव्य मालाच्या वाहतुकीचं नियोजन करते. आमच्याकडे अशा मालाला ओडीसी, म्हणजे ओव्हर डायमेन्शनल कार्गो, म्हणतात. रूट सर्व्हे, ट्रेलरची मांडणी, लॅशिंगची म्हणजे माल बांधण्याची गणितं, परवानग्या, जागेवर उतरवण्याची पद्धत, हे सगळं या कामात येतं. आणि प्रत्येक डिझायनरला माझी एकच विनंती असते: ड्रॉइंग अजून खोडता येतंय तेव्हाच आम्हाला बोलवा.

जर्मनीतल्या कॅट्रिन प्रयोगाचं उदाहरण मी नव्या इंजिनिअरना आवर्जून सांगते. न्यूट्रिनोचं वस्तुमान मोजण्याचा हा प्रयोग. त्यासाठी लागणारी मुख्य निर्वात टाकी डेगेनडॉर्फमध्ये बनली. व्यास १० मीटर, लांबी २३ मीटरच्या पुढे, वजन सुमारे २०० टन. ती जायची होती कार्ल्सरूहला, म्हणजे जेमतेम ४०० किलोमीटरवर. पण १० मीटर रुंदीची वस्तू तेवढं अंतर ना रस्त्याने कापू शकत होती, ना मधल्या कालव्यातून. म्हणून २००६ मध्ये ती डॅन्यूब नदीतून काळ्या समुद्रात गेली, भूमध्य समुद्र ओलांडून अटलांटिकमध्ये, तिथून रॉटरडॅम आणि मग ऱ्हाइनमधून उलटी वर. साडेआठ हजार किलोमीटरहून जास्त प्रवास झाला. शेवटच्या काही किलोमीटरांत लेओपोल्ड्सहाफेन गावाच्या गल्लीतून ती घरांच्या भिंतींना जवळजवळ घासत निघाली, त्याचे फोटो पाहण्यासारखे आहेत.

लोक हे ऐकून हसतात, मला मात्र त्या नियोजनाचा आदर वाटतो. टाकीचा आकार भौतिकशास्त्राने ठरवला होता, तो कमी होणार नव्हता. मग रस्ता लांबवला. हा हिशोब कुणीतरी डोळे उघडे ठेवून केला होता.

आमच्याकडे येणाऱ्या मालाचा आकार मात्र बऱ्याचदा निव्वळ सवयीने ठरलेला असतो. समजा, एका कॉलमचा, म्हणजे उंच उभ्या टाकीचा, व्यास ४.२ मीटर आहे. दोन्ही बाजूंना ४० सेंटीमीटर बाहेर आलेले नोझल, म्हणजे पाइप जोडायची तोंडं, आहेत. झाली रुंदी ५ मीटर. हाच कॉलम ट्रेलरवर आडवा ठेवताना ४५ अंशांत फिरवून ठेवला तर नोझल वरच्या आणि खालच्या तिरक्या कोपऱ्यांत जातात आणि रुंदी बरीच खाली येते. पण आडवा ठेवताना कुठली बाजू वर येणार हे सॅडलच्या आणि लगच्या जागेवर ठरतं, आणि ते लग वेल्ड होऊन त्या जोडांची रेडिओग्राफी, म्हणजे एक्स-रे तपासणीही झालेली असते. आता ते कापून फिरवायचे म्हणजे प्रेशर व्हेसलच्या अंगावर नवं वेल्डिंग, पुन्हा उष्णतोपचार, पुन्हा तपासणी. कुणी तयार होत नाही, आणि ते बरोबरच आहे. मग वाटेतले साइनबोर्ड काढा, दुभाजक फोडा, खांब हलवा. कागदावर पाच मिनिटांत झालं असतं त्यासाठी रस्त्यावर महिने जातात. तीच गोष्ट शिड्यांची, प्लॅटफॉर्मच्या ब्रॅकेटची. बोल्टने जोडायचा भाग वेल्ड करून पाठवला की तो वाटभर आम्हाला छळतो.

ड्रॉइंग हातात आलं की मी आधी वजन बघते आणि त्यावर विश्वास ठेवत नाही. डिझायनरने दिलेलं वजन स्टीलच्या पत्र्याच्या हिशोबाने काढलेलं असतं. त्यात वेल्डचं वजन, आतले ट्रे, इन्सुलेशन, वाहतुकीसाठी लावलेला आधार, आणि हायड्रो टेस्टनंतर, म्हणजे पाणी भरून केलेल्या दाबाच्या चाचणीनंतर, तळाशी राहिलेलं पाणी धरलेलं असेलच असं नाही. दुसरं पाहायचं ते गुरुत्वमध्य, म्हणजे सीजी. लांबीच्या दिशेने तो बहुतेक जण देतात. आडवा आणि उभा सीजी फार कमी जण देतात. "मधोमधच असेल की," असं फोनवर उत्तर येतं. एका बाजूला मोटर आणि गिअरबॉक्स लटकलेला असताना तो मधोमध कसा असेल? माल जॅकवर उचलला की लोड सेल, म्हणजे भार मोजणारे सेन्सर, खरं काय ते सांगतात, त्यामुळे जिथे जमेल तिथे मी कारखान्यातच चार टोकांना वजन करून घेते. प्रत्येक टोकाचा आकडा मिळाला की आडवा सीजी आपोआप निघतो.

आडव्या सीजीवर एवढं का अडते, त्याचं गणित सोपं आहे. आमच्या मॉड्युलर ट्रेलरचे एक्सल हायड्रॉलिकवर तरंगतात. त्यांना नळ्यांनी जोडून तीन गट केले की ट्रेलर तीन बिंदूंवर उभा असल्यासारखा वागतो. याचा फायदा असा की रस्ता कसाही वळला-पिळला तरी मालाला पीळ बसत नाही आणि प्रत्येक गटावर किती भार येतो ते नेमकं काढता येतं. तोटा असा की तीन बिंदूंचा त्रिकोण अरुंद असतो, आणि सीजी त्याच्या कडेबाहेर गेला की माल उलटतो. समजा सीजी जमिनीपासून ३.५ मीटर उंच आहे आणि त्रिकोणाच्या जवळच्या कडेपासून ६० सेंटीमीटर आत. उलटण्याचा कोन जवळपास पावणेदहा अंश. आता तोच सीजी फक्त २० सेंटीमीटर बाजूला सरकला तर तो कोन साडेसहावर येतो. रस्त्याच्या वळणाला ७ टक्के उतार दिलेला असेल तर त्यातले ४ अंश तिथेच खर्च झाले. उरलेल्या अडीच अंशांत वारा, ब्रेक, खचलेली साइडपट्टी, सगळं बसवायचं. चार गट केले तर आधाराचा पाया रुंद होतो, पण मग भार कुठल्या गटावर किती जातो ते ठाम सांगता येत नाही आणि खडबडीत रस्त्यावर मालाला पीळ बसू शकतो. दोन्हींत देणं-घेणं आहे. कुठलं निवडायचं ते मालावर ठरतं, म्हणून तर मालाची पूर्ण माहिती आधी हवी.

आता पूल आणि वळण. या कामातली खरी ओढाताण यांच्यातच आहे, आणि मला तीच सगळ्यात आवडते.

३०० टनांचा माल घ्या. २० एक्सल लाइनचा, म्हणजे चाकांच्या २० आडव्या रांगांचा, ट्रेलर लावला. एका लाइनचं स्वतःचं वजन ४ टन धरलं तर एकूण ३८० टन, म्हणजे दर लाइनला १९ टन. दोन लाइनमधलं अंतर दीड मीटर, ट्रेलरची रुंदी ३ मीटर. जमिनीवर सरासरी दाब निघतो चौरस मीटरला सुमारे ४.२ टन. चांगल्या रस्त्याला हे पेलवतं. पण पुलाला सरासरी दाबाशी देणंघेणं नाही. त्याच्या एका गाळ्यावर एका वेळी किती वजन उभं राहतं, एवढंच त्याला कळतं. १२ मीटरच्या गाळ्यावर एका वेळी ८ लाइन मावतात, म्हणजे १५२ टन. पूल तपासणारा इंजिनिअर मान हलवतो, जमणार नाही. ठीक आहे, ६ लाइन वाढवू. एकूण वजन ४०४ टन झालं, पण दर लाइनला साडेपंधरा टन. त्याच गाळ्यावर आता १२४ टन. पूल खूश.

पण ट्रेलर ९ मीटरने लांबला. त्याच रस्त्यावर पुढे गावातलं काटकोनी वळण आहे, कोपऱ्यावर दुमजली घर. ३० मीटरचा ट्रेलर तिथून निघत होता, ३९ मीटरचा अडकतो. आमचे सगळे एक्सल वळतात, मागचे पुढच्यांच्या उलट दिशेने, तरीही मधला भाग आतल्या बाजूला कापत जातो आणि बाहेर लोंबणारी शेपटी पलीकडच्या फुटपाथवरून झाडू मारते. संगणकावर स्वेप्ट पाथ, म्हणजे वळताना ट्रेलर व्यापतो तो पट्टा, काढला की लाल रेघा थेट त्या घराच्या ओट्यातून जातात. म्हणजे पुलाला लांब ट्रेलर हवा आणि वळणाला आखूड. बाकीचं नियोजन म्हणजे या दोघांमधली तडजोड. कधी पुलाच्या शेजारी नदीपात्रात तात्पुरता रस्ता करून पूलच टाळतो. कधी पुलावर पूल टाकतो, म्हणजे स्टीलचे गर्डर दोन्ही काठांवर टेकवून जुन्या गाळ्यावर भारच येऊ देत नाही. कधी दोन ट्रेलर शेजारी जोडून रुंद करतो, मग लांबी आटोक्यात राहते पण रस्ता पुरत नाही. कधी वळणाच्या अलीकडे माल जॅकवर उचलून ट्रेलर बदलतो.

एन्डेव्हर हे अवकाशयान २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरून संग्रहालयात नेलं, तेव्हा हेच झालं. सारं अंतर १२ मैलांचं. विमानतळापासून ते सेल्फ प्रोपेल्ड, म्हणजे स्वतःच्या इंजिनाने चालणाऱ्या, ट्रेलरवर निघालं. महामार्गावरच्या एका पुलाला एवढं वजन चालणार नव्हतं, म्हणून तिथे यान हलक्या डॉलीवर चढवलं आणि ती डॉली एका पिकअप गाडीने ओढून पूल पार केला. लोकांना त्यात गाडीची ताकद दिसली. मला दिसला तो पूल तपासून, आकडा मान्य करून, त्याप्रमाणे योजना बदलणारा कुणी इंजिनिअर. त्याच प्रवासासाठी वाटेतली सुमारे ४०० झाडं काढावी लागली आणि त्यांच्या बदल्यात कितीतरी जास्त लावण्याचं कबूल करावं लागलं. पंखांची रुंदी कमी होणार नव्हती.

रूट सर्व्हे हे माझं सगळ्यात आवडतं काम. नकाशे, उपग्रहाचे फोटो आता घरबसल्या मिळतात, आणि त्यांचा उपयोगही होतो, पण त्यांच्यावर मी ट्रेलर सोडत नाही. एक साधी गोष्ट बघा. ओव्हरब्रिजखाली पाटी असते, उंची ५.५ मीटर. ती पाटी पूल बांधला तेव्हाची. त्यानंतर रस्त्यावर डांबराचे दोन-तीन थर चढले, प्रत्येक थर पाच-सात सेंटीमीटरचा. पाटी तीच राहिली आणि खालची जागा गेली. म्हणून पुलाखाली मोजायचं ते प्रत्येक लेनमध्ये, दोन्ही कडांना आणि मध्ये, आत शिरताना आणि बाहेर पडताना. पूल सपाट असला तरी खालचा रस्ता चढावर असू शकतो, आणि लांब ट्रेलर चढाच्या तोंडाशी असतो तेव्हा त्याचा मधला भाग रस्त्याच्या मानाने वर येतो.

तारांचं तर वेगळंच. सकाळी थंडीत मोजलेली वीजवाहिनी दुपारच्या उन्हात आणि भार वाढल्यावर खाली झुकते. इन्सुलेटेड काठीने किंवा लांबून लेझरने मोजायचं आणि वेळ लिहून ठेवायची. विजेच्या तारेपासून फक्त स्पर्श टाळून चालत नाही, व्होल्टेजप्रमाणे अंतर सोडावं लागतं. ते सुटत नसेल तर वीज कंपनीकडून लाइन बंद करून घ्यायची, आणि ती बंद झाल्याचं लेखी हातात आल्याशिवाय पुलरने, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीने, हालचाल करायची नाही. यात मी कुणाचंच ऐकत नाही.

मोऱ्यांकडे लोकांचं दुर्लक्ष होतं. मोठ्या पुलाची कागदपत्रं कुठेतरी असतात. रस्त्याखालच्या दगडी मोरीचं काहीच नसतं. खाली उतरायचं, कमानीला तडे आहेत का, दगड सुटलेत का, पाण्याने पाया खाल्लाय का ते टॉर्च मारून बघायचं. आणि त्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याला विचारायचं. एका सर्व्हेत शेतातून आलेले एक आजोबा माझ्याकडे बघत उभे होते. "ताई, इथं खाली पोकळ आहे बरं. पावसात पाणी त्या बाजूनं येतं आणि या बाजूनं गायब होतं." नोंदवहीत तिथे मोरीच नव्हती. आम्ही तिथे स्टील प्लेट अंथरून गेलो.

प्रत्यक्ष प्रवासात ट्रेलरशेजारून चालणारा ऑपरेटर मला फार महत्त्वाचा वाटतो. पुलरच्या चालकाला मागचं काही दिसत नाही. मागचं स्टिअरिंग आणि हायड्रॉलिकचे व्हॉल्व्ह या माणसाच्या हातात. आमच्यातले एक अनुभवी ऑपरेटर आहेत. त्यांची नजर आळीपाळीने तीन ठिकाणी जाते: लेव्हलच्या बुडबुड्यावर, प्रेशर गेजवर आणि शेवटच्या चाकापासून साइडपट्टीच्या कडेपर्यंतच्या अंतरावर. रस्ता उजवीकडे कलायला लागला की बुडबुडा हलायच्या आतच त्यांचा हात व्हॉल्व्हवर गेलेला असतो, उजवी बाजू वर, हळूच, आणि माल सरळ. पुलाखालून जाताना उलट, सगळा ट्रेलर खाली बसवायचा. ट्रेलरचा उठण्या-बसण्याचा पल्ला साधारण ६०० मिलिमीटरचा असतो, पण सगळा वापरायचा नाही, खड्ड्यासाठी दोन्हीकडे थोडा राखून ठेवायचा. हे त्यांनी मला शिकवलं. माझ्या प्लॅनमध्ये मी आता तो राखीव भाग वेगळा दाखवते.

लॅशिंगबद्दल थोडक्यात. युरोपात रस्त्यासाठी जे मानक आहे त्यात पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला व मागे ०.५ पट बळ धरतात. बांधणी त्यासाठी हवी. चेन जास्त लावल्या म्हणजे काम झालं असं नाही, चेनचा कोन चुकला तर ती नुसती शोभेला. आणि स्टीलवर स्टील कधीच ठेवू नये, घर्षण फार कमी असतं. मध्ये रबरी मॅट किंवा लाकूड घातलं की अर्धं काम तेच करतं.

नाजूक मालाचं दडपण वेगळं असतं. मोठा ट्रान्सफॉर्मर तेल काढून, आत कोरडी हवा किंवा नायट्रोजन थोड्या जास्त दाबाने भरून पाठवतात, म्हणजे बाहेरची दमट हवा आत शिरत नाही. तो दाब रोज वाचून लिहायचा. अंगावर इम्पॅक्ट रेकॉर्डर बसवलेला असतो, तिन्ही दिशांचे धक्के तो वेळेसकट नोंदवतो. पोचल्यावर माल उतरवायच्या आधी तो सगळ्यांसमोर वाचायचा. नंतर आतली वाइंडिंग सरकलेली निघाली तर ती कुठे सरकली हे त्या नोंदीवरूनच कळतं. २०१३ मध्ये अमेरिकेत ब्रुकहेवनहून फर्मिलॅबला म्यूऑन प्रयोगाचं सुमारे १५ मीटर व्यासाचं चुंबकाचं कडं नेलं. ते सुट्या भागांत मोडता येत नव्हतं आणि काही मिलिमीटरहून जास्त वाकूनही चालणार नव्हतं. म्हणून रस्त्याचा भाग शक्य तितका कमी ठेवून, बार्जवरून, म्हणजे सपाट मालवाहू नावेवरून, फ्लोरिडाला वळसा घालून नद्यांमधून ते वर आणलं. सुमारे ३,२०० मैल. वाकण्याची ती मर्यादा आधी ठरली, रस्ता तिच्यावरून निघाला.

पाण्याचा मार्ग सोपा वाटतो, पण जेट्टीवरचे काही तास फार तणावाचे असतात. ट्रेलर बार्जवर चढताना एकेक एक्सल पुढे जातो तशी बार्ज त्या टोकाला दबते, आणि त्याच वेळी भरती-ओहोटीने पाणी चढत-उतरत असतं. बार्जच्या टाक्यांतलं पाणी पंपांनी हलवून डेक जेट्टीच्या पातळीला धरून ठेवायचा. किती एक्सल चढले की कुठल्या टाकीतून किती पाणी काढायचं याचा तक्ता आधी तयार असतो. एक पंप बंद पडला तर काय, हेही त्यात लिहिलेलं असतं आणि जादा पंप डेकवर उभा असतो. भरतीची वेळ चुकली तर थांबायचं, पुढच्या भरतीची वाट बघायची. घाई करायला सांगणारे फोन त्या वेळी मी घेत नाही.

परवानग्यांबद्दल लोकांची तक्रार असते की वेळ लागतो. लागतोच. पुलाचा मालक वेगळा, तारांचा वेगळा, रेल्वे क्रॉसिंगचा वेगळा, आणि प्रत्येकाला आपापला कागद हवा. पण अर्जात एक्सल लोडचा नीट तक्ता आणि पुलागणिक ड्रॉइंग जोडलं की समोरच्या इंजिनिअरला हो म्हणायला आधार मिळतो. अर्धवट अर्ज पाठवून त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते शेवटच्या २०० मीटरकडे. शेकडो किलोमीटरचा रस्ता तपासून माल प्रकल्पाच्या गेटवर येतो आणि आत केबलची चर उघडी असते, पाइपरॅक वेळेआधीच उभा राहिलेला असतो, किंवा क्रेनचा आउटरिगर, म्हणजे आधाराचा पाय, जिथे टेकायचा तिथे नुकतीच माती भरलेली असते. साइटवाल्यांचा दोष नाही, त्यांना ट्रेलरचं वळण किती मोठं ते कुणी दाखवलेलंच नसतं. आता मी पहिल्या बैठकीतच साइटच्या लेआउटवर ट्रेलरचा स्वेप्ट पाथ छापून देते आणि त्या पट्ट्यात माल पोचेपर्यंत काही बांधायचं नाही, अशी सिव्हिलवाल्यांची सही घेते. फाउंडेशनचे बोल्ट किती वर आले आहेत तेही विचारते, कारण माल जॅकिंग-स्किडिंगने आडवा सरकवून बसवायचा असेल तर तेच बोल्ट वाटेत येतात.

तुम्ही डिझाइनमध्ये किंवा खरेदीत असाल तर ऑर्डर निघायच्या आधी आमच्यासारख्या कुणाला जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग पाठवा, अगदी कच्चं असलं तरी. बाहेरची मापं, अंदाजे वजन, तिन्ही दिशांचा सीजी, उचलायच्या आणि टेकवायच्या जागा, कुठून निघणार आणि कुठे उभं राहणार, एवढं पुरतं. कारखान्यापासून साइटपर्यंतच्या रस्त्यावरची सगळ्यात अरुंद जागा आणि सगळ्यात अशक्त पूल आम्ही तुम्हाला शोधून देऊ, तुमचे लग वेल्ड व्हायच्या आत.